शस्त्रक्रिया मुंबईत, बीपी तलासरीत

सप्टेंबर 2017 मध्ये सुरतेतल्या एका चौदा महिन्यांच्या बाळाच्या आईवडिलांनी त्याचं हृदय दान केलं. ते हृदय मुंबईला आणून मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात नवी मुंबईच्या एका लहान मुलीला बसवण्यात आलं. सुरत आणि मुंबई यांच्यामधल्या पट्ट्यात डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातले दोन तालुके येतात. अहमदाबाद महामार्ग तलासरीतून जातो, पश्चिम रेल्वे डहाणूतून. अशा बातम्या इथेही वाचल्या जातात आणि वाचणाऱ्याला वाटतं, हे मोठ्या शहरांचं काम, आपल्या डोक्यावरून निघून जाणारं. बातमी शस्त्रक्रियेपाशी संपते, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण शस्त्रक्रिया काही तासांची असते. त्यानंतर रुग्ण सरासरी बारा-एक वर्षं जगतो, कित्येक जण वीस वर्षांच्याही पुढे जातात, आणि ही सगळी वर्षं तो आपल्या घरी, आपल्या गावच्या पाण्यावर आणि जेवणावर काढतो. या वर्षांमध्ये त्याला गाठणारा सगळ्यात नेमाचा त्रास म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो वाढवतं तेच औषध, ज्याच्या जोरावर नवं हृदय टिकून असतं. औषध बंद करता येत नाही, म्हणून हा रक्तदाब बरा होऊन संपतही नाही. तो रोज मोजावा लागतो, रोज आवरावा लागतो. हे रोजचं काम मुंबईत होऊ शकत नाही, ते तालुक्यातच व्हायला हवं, एवढंच मला इथे पुराव्यानिशी मांडायचं आहे.

हे औषध आलं कुठून, ते आधी पाहू. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय पहिल्यांदा दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवलं. तो रुग्ण अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. जगभर त्या एक-दोन वर्षांत अशा कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या आणि लवकरच जवळजवळ थांबल्या, कारण शिवणकाम जमत होतं, पण शरीर परक्या हृदयाला राहू देत नव्हतं. ते राहू देणारा पदार्थ सापडला मातीत. स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीच्या लोकांनी नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी होती. तिच्यापासून मिळालेलं सायक्लोस्पोरिन प्रतिकारशक्तीला लगाम घालतं, हे 1970 च्या दशकात कळलं. 1980 च्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्डला ते हृदयाच्या रुग्णांना देऊ लागले, 1983 मध्ये तिथल्या सरकारने त्याला मान्यता दिली आणि हृदय प्रत्यारोपण हा धाडसाचा प्रयोग न राहता उपचार झाला. भारतात 1994 मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. मुंबईला मात्र आणखी एकवीस वर्षं वाट पाहावी लागली. ऑगस्ट 2015 मध्ये डॉ. अन्वय मुळे यांनी फोर्टिसमध्ये ते केलं. आणि 2024 मध्ये खुद्द के.ई.एम.ने, सेन यांच्यानंतर 56 वर्षांनी, पुन्हा हृदय बसवलं. ही शेवटची गोष्ट पालघरच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते. महापालिकेच्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होऊ लागली, की रुग्ण फक्त मलबार हिलचा असेल असं धरून चालता येत नाही. तो उधवा किंवा गंजाडसारख्या इथल्या गावाचाही असू शकतो.

आज सायक्लोस्पोरिनची जागा बहुतेक ठिकाणी टॅक्रोलिमसने घेतली आहे. तेही मातीतलंच, जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जिवाणूपासून 1984 मध्ये मिळालेलं. दोघांचं काम एकाच जागी चालतं. आपल्या रक्तातल्या टी-पेशी परकी वस्तू ओळखतात आणि तिच्यावर तुटून पडण्याची हाक देतात. ही हाक देण्यासाठी पेशीच्या आत कॅल्सिन्युरिन नावाचं एक विकर लागतं. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन त्या विकरालाच अडवतात. हाक जात नाही, फौज जमत नाही, हृदय वाचतं. अडचण एवढीच, की कॅल्सिन्युरिन फक्त टी-पेशींत नसतं. ते मूत्रपिंडात असतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतं, मज्जातंतूंत असतं. तोंडावाटे घेतलेली गोळी रक्तातून सगळीकडे जाते. टी-पेशीला गाठ आणि मूत्रपिंडाला सोड, असं तिला सांगता येत नाही. वाढणारा रक्तदाब हा डॉक्टरच्या चुकीचा किंवा रुग्णाच्या हलगर्जीपणाचा परिणाम नसून औषधाच्या मूळ कामाचीच ती दुसरी बाजू आहे. रुग्णाच्या घरच्यांना हे पहिल्या दिवशीच समजावून सांगितलं पाहिजे. नाहीतर बीपी वाढलं की घरात एकमेकांना दोष देणं सुरू होतं.

मूत्रपिंडात नेमकं काय होतं ते समजायला सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचं उदाहरण या भागातल्या शेतकऱ्याला जवळचं वाटेल. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे जवळजवळ लिटरभर, दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. तिथे प्रत्येक गाळणीच्या तोंडाशी एक बारीक धमनी असते. कालव्यातून चारीत पाणी सोडणाऱ्या दारासारखी. टॅक्रोलिमस हे दार आवळतं. वाहिन्या आकसवणारं एन्डोथेलिन वाढतं, त्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. गाळणीला रक्त कमी मिळालं, की मूत्रपिंडाला वाटतं शरीरातलंच पाणी कमी झालं, आणि ते मीठ-पाणी धरून ठेवायला लागतं. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. मूत्रपिंड दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतं आणि त्यातलं 99 टक्के परत शोषून घेतं. या परतीच्या वाटेवर मीठ आत ओढणारा एक पंप असतो. 2011 मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं, की टॅक्रोलिमस हा पंप जास्त चालू ठेवतं. आणि ज्या उंदरांत हा पंपच नव्हता, त्यांचं बीपी टॅक्रोलिमस देऊनही वाढलं नाही. या प्रयोगाचा पुढे एका अगदी स्वस्त गोळीशी संबंध येणार आहे, म्हणून तो लक्षात राहू द्या. पहिल्या काही महिन्यांत प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइडही मोठ्या मात्रेत चालू असतं, आणि तेही मीठ धरून ठेवतं.

हृदय बदललेल्या माणसाची अडचण आणखी वेगळी आहे. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्यांनाही हीच औषधं मिळतात, त्यांचंही बीपी वाढतं. पण हृदय काढून दुसरं बसवताना त्याच्या नसा कापल्या जातात, आणि त्या पूर्वीसारख्या कधीच जुळत नाहीत. एरवी शरीरात पाणी वाढलं, हृदयाचे कप्पे ताणले गेले, की तिथून मेंदूला खबर जाते आणि मीठ-पाणी सोडून देण्याचा हुकूम सुटतो. नव्या हृदयाकडून ही खबर जातच नाही. रात्री झोपेत आपलं बीपी साधारण दहा टक्क्यांहून जास्त उतरतं. या रुग्णांत पुष्कळदा ते उतरत नाही. दिवसा दवाखान्यात 130 दिसणारं बीपी रात्रभरही तसंच चढलेलं असू शकतं. नाडीही वेगळी असते. बसल्याजागी मिनिटाला 90 ते 110 ठोके हे अशा माणसाचं नेहमीचं मोजमाप, कारण ठोके संथ करणारी नस तुटलेली असते. हे माहीत नसलेला डॉक्टर घाबरून ठोके कमी करण्याची गोळी देऊ शकतो. आणि छातीत कळ येणं ही आपल्या ओळखीची धोक्याची घंटा इथे बहुधा वाजतच नाही. नव्या हृदयाच्या धमन्या आकुंचित होत गेल्या तरी रुग्णाला दुखत नाही. दम लागतो, पाय सुजतात, थकवा येतो.

कोणी म्हणेल, बीपी वाढायला औषधच कारणीभूत आहे कशावरून? हृदय निकामी झालेला माणूस आधीच आजारी असतो, वय असतं, वजन वाढतं, मधुमेह असतो. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर तीन ठिकाणांहून मिळतं. एक, सायक्लोस्पोरिन येण्यापूर्वी अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइडवर ठेवलेल्या रुग्णांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण बरंच कमी होतं. सायक्लोस्पोरिन आल्यावर ते झपाट्याने वाढलं. आज हृदय प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत पहिल्या वर्षी दहापैकी सात आणि पाच वर्षांत दहापैकी नऊ रुग्णांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसतं. दुसरं, ज्यांचं काहीच प्रत्यारोपण झालेलं नाही, अशांना इतर आजारांसाठी सायक्लोस्पोरिन दिलं तरी बीपी वाढतं. तिसरा पुरावा मला सगळ्यात बोलका वाटतो. 1990 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. त्यात हृदय बदललेल्या रुग्णांच्या पायातल्या नसेत अतिशय बारीक सुई घालून वाहिन्या आकसवणारे मज्जासंदेश मोजले होते. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांत हे संदेश न घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. आणि मायस्थेनिया या स्नायूंच्या आजारासाठी तेच औषध घेणाऱ्या, स्वतःचंच हृदय असलेल्या रुग्णांतही ते वाढलेले आढळले. वय आणि वजनाचा हात असतोच, पण मूळ रेटा औषधाचा आहे.

या बीपीने बिघडतं काय, हेही सांगायला हवं, कारण बीपी दुखत नाही आणि न दुखणाऱ्या आजारासाठी कोणी दिवसाचा खाडा करत नाही. नवं हृदय जाड होतं, मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो; पण खरा घाव मूत्रपिंडावर पडतो. तिथे औषध एका बाजूने आणि बीपी दुसऱ्या बाजूने मारत असतं. अमेरिकेत 1990 ते 2000 या काळात मूत्रपिंड सोडून इतर अवयव बसवलेल्या सुमारे 69 हजार लोकांचा मागोवा घेतला गेला आणि तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय बदललेल्यांपैकी 10.9 टक्के लोकांची मूत्रपिंडं पाच वर्षांत निकामी होण्याच्या अवस्थेला पोहोचली होती. म्हणजे साधारण नवांतला एक. दान मिळालेलं हृदय छातीत नीट चाललेलं आहे आणि माणूस डायलिसिसच्या खुर्चीत बसला आहे, यासारखी हळहळ वाटण्याजोगी गोष्ट नाही.

मग औषध कमी का करू नये? करतात, पण बेताने. पहिल्या वर्षात रक्तातली पातळी जास्त ठेवतात, पुढे टप्प्याटप्प्याने उतरवतात. स्टेरॉइडही जमेल तिथे काढून घेतात. सिरोलिमस आणि एव्हरोलिमस ही औषधं कॅल्सिन्युरिनला हात लावत नाहीत. ती मूत्रपिंडाला सोसवतात आणि काही रुग्णांना त्यांच्यावर नेलं जातं. पण त्यांनी जखम भरायला वेळ लागतो, रक्तातली चरबी वाढते, तोंड येतं, आणि सगळ्यांना ती पुरी पडत नाहीत. रुग्णाने आपल्या मनाने बीपी उतरवण्यासाठी टॅक्रोलिमसची गोळी चुकवणं हा सर्वांत वाईट मार्ग. बीपी पाच वर्षांत मूत्रपिंड घालवू शकतं, तुटलेली मात्रा पाच आठवड्यांतही हृदय घालवू शकते. दोन्ही धोके खरे आहेत, पण त्यांची घाई सारखी नाही.

जाणकार आणखी एक आक्षेप घेतील: हृदय बदललेल्या रुग्णांचं बीपी अमुक आकड्याखाली आणल्याने ते जास्त जगतात, असं सांगणारा मोठा, चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास कुठे आहे? तसा मोठा अभ्यास नाही, हे खरं आहे. 130/80 च्या आसपासचं लक्ष्य सर्वसामान्य रुग्णांवरून उचललेलं आहे. तरीही मला हा आक्षेप पुरेसा वाटत नाही. बहुतेक रुग्णालयांत वर्षाला बोटांवर मोजण्याइतकीच प्रत्यारोपणं होतात. हजारो रुग्णांचा अभ्यास होईपर्यंत थांबायचं म्हणजे कायमचंच थांबायचं. ज्या मूत्रपिंडांना चढलेल्या बीपीने एरवी इजा होते, तीच मूत्रपिंडं या माणसाच्या पोटात आहेत, आणि त्यांच्यावर औषधाचा भार आधीच पडलेला आहे. निरोगी मूत्रपिंडाला जो दाब सोसत नाही तो या मूत्रपिंडाला सोसेल, असं मानायला काही आधार नाही.

आता तालुक्याकडे येऊ. डहाणू रोडहून चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. एप्रिल 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल येते, ही मोठी सोय. पण तलासरीच्या आतल्या पाड्यावरच्या माणसाने आधी जीप धरून स्टेशन गाठायचं, मग तीनेक तासांचा लोकलचा प्रवास, मग परळ किंवा मुलुंड, आणि रात्री परत. महिन्यातून, दोन महिन्यांतून एकदा हे होतं. बीपी मात्र दिवसभर बदलत असतं. मुंबईच्या ओपीडीत मोजलेला आकडा हा पहाटे चारला उठून, चहावर चहा पिऊन, गर्दीतून उभ्याने आलेल्या माणसाचा आकडा असतो. बीपी मोजण्याची रीत अशी: पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर, आधी अर्धा तास चहा-विडी नाही, आणि दोन वेळा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. हे घरी होतं किंवा उपकेंद्रात होतं. सकाळी गोळी घेण्यापूर्वीचा आकडा या रुग्णांत जास्त मोलाचा, कारण रात्री बीपी उतरलं की नाही याचा अंदाज त्यातून येतो. आशाताईच्या वहीतले पंधरा दिवसांचे तीस आकडे मुंबईच्या डॉक्टरला ओपीडीतल्या एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

जेवणाचा प्रश्नही गावातच सुटतो. मीठ धरून ठेवणाऱ्या औषधावर असलेल्या माणसाला मीठ कमी खा एवढंच सांगून भागत नाही. ते त्याच्या ताटात कुठून येतं हे सांगणाऱ्याला माहीत असावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे, म्हणजे चहाच्या चमच्याइतकं. डहाणू-चिंचणीच्या किनाऱ्यावर काठ्यांच्या वलांडीवर वाळणारे बोंबील बहुधा मीठ न लावता उन्हातच वाळतात; खारवलेल्या माशांची गोष्ट वेगळी, ते मिठातच मुरलेले असतात. शहरातला आहारतज्ज्ञ दोन्हींना सुकी मासळी म्हणून एका ओळीत काट मारतो. ज्या पाड्यावर पावसाळ्यात भाताबरोबर सुक्या मासळीची चटणी हाच प्रथिनांचा आधार असतो, तिथे ही काट म्हणजे उपासमार. बोंबील चालेल, चांगला धुऊन घ्या, चटणीत वरून मीठ टाकू नका, खारं बंद करा, असं सांगणारा माणूस इथलाच हवा. आणि एक सावधगिरी. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ दुकानात मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. टॅक्रोलिमस आधीच रक्तातलं पोटॅशियम वाढवतं. चांगल्या हेतूने आणलेलं हे मीठ, त्यात रोजचं नारळपाणी, यांनी पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाची लयच बिघडावी. सैंधव घेऊनही काही साधत नाही, तेही मीठच आहे.

औषधांच्या बाबतीत तर तालुक्यातला डॉक्टर आणि केमिस्ट यांच्या हाती मुंबईच्या शल्यविशारदाइतकीच सत्ता असते, फक्त त्यांना ती कोणी सांगितलेली नसते. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी ही आपल्याकडची सर्रास गोष्ट. या रुग्णात तीच गोळी मूत्रपिंडाचं आधीच आवळलेलं दार आणखी आवळते आणि बीपी चढवते. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल पुरतं. टॅक्रोलिमस यकृतात आणि आतड्यात ज्या विकराने फुटतं त्याला अडवणारं काहीही घेतलं, की त्याची रक्तातली पातळी वाढते. नायट्यावर सढळ हाताने दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोल आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन हे सगळं त्यात येतं. गणपतीच्या सुमारास बाजारात येणारं पपनसही येतं; ग्रेपफ्रूटच्या कुळातलंच हे फळ, आणि त्याने टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याचं वैद्यकीय नोंदींत आहे. उलट टीबीवरचं रिफॅम्पिसिन हीच पातळी इतकी खाली नेतं की हृदय नाकारलं जाण्याची पाळी येते. टीबी ज्या भागात घरोघर ओळखीचा आहे त्या भागात ही माहिती परळपेक्षा तलासरीत जास्त लागणार. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा वापी-उंबरगावच्या कारखान्यात जाणाऱ्या कुटुंबात दर बारा तासांची गोळी, तीही नेहमी एकाच कंपनीची, कशी सांभाळायची, याचा विचारही इथेच कोणीतरी बसून करायला हवा.

यात एक दिलासाही आहे. या बीपीवर लागणाऱ्या बहुतेक गोळ्या महागड्या नाहीत आणि नव्याही नाहीत. नोव्हेंबर 2017 मध्ये भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्या फळीत होते. त्याने रूढ केलेली उपचारांची पायरी साधी आहे: आधी अम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन. हृदय बदललेल्या रुग्णालाही हीच कुळं लागतात. अम्लोडिपिन आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. टेल्मिसार्टन मूत्रपिंड जपतं, पण पोटॅशियम वाढवतं, म्हणून रक्ततपासणी हवी. आणि क्लोरथॅलिडोन ज्या पंपाला बंद करतं तो नेमका 2011 च्या प्रयोगातला मीठ ओढणारा पंप. आरोग्य केंद्राच्या कपाटातली ही जुनी, स्वस्त गोळी टॅक्रोलिमसच्या वर्मावरच बोट ठेवते. तिने पोटॅशियमही उतरतं. मात्र यूरिक ॲसिड वाढून सांधे धरू शकतात, तेवढं पाहावं लागतं. डिल्टियाझेमची कथा निराळी. ते बीपी उतरवतं आणि त्याच वेळी टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं, त्यामुळे महाग औषध कमी मात्रेत भागतं. काही केंद्रं ते मुद्दाम देतातही. पण अशी गोळी स्थानिक डॉक्टरने अम्लोडिपिनच्या जागी सहज म्हणून बदलली, किंवा सहज म्हणून थांबवली, तर हृदयाचं सगळं गणित कोलमडतं. म्हणून गोळी बदलण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला एक फोन, हा नियम.

सगळ्यात जोराचा आक्षेप शेवटी घेतो, कारण तो मलाही टोचतो. ज्या तालुक्यांमध्ये कुपोषण आहे, सिकलसेल आहे, बाळंतिणीला वेळेवर गाडी मिळायची मारामार आहे, तिथे हृदय बदललेल्या एखाद्या माणसासाठी यंत्रणेने वेळ का घालवावा? हा प्रश्न करुणेतून आलेला आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पण पाहा, या एका माणसासाठी नेमकं काय लागतं? बरोबर मोजलेलं बीपी, ते लिहिलेली वही, तीन-चार स्वस्त गोळ्यांचा न तुटणारा साठा, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी, वेदनाशामकाबद्दलची सावधगिरी, आणि ज्याला विचारता येईल असा एक फोन नंबर. यातला फोन सोडला तर सगळं काही साध्या बीपीच्या प्रत्येक रुग्णाला लागतं. गरोदरपणी बीपी वाढणाऱ्या बाईला लागतं. सिकलसेलमुळे मूत्रपिंड अधू होत चाललेल्या तरुणाला लागतं. हृदयांपेक्षा मूत्रपिंडं कितीतरी जास्त बदलली जातात आणि त्या रुग्णांनाही हेच टॅक्रोलिमस जन्मभर घ्यावं लागतं. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात, कासा आणि तलासरीच्या रुग्णालयांत हे बसवलं तर त्याचा फायदा एका माणसापुरता राहत नाही. डहाणूला आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही आहे; असे रुग्ण नोंदवून ठेवण्याचं काम त्याच्या कक्षेत सहज बसेल. आणि ज्या दोन तालुक्यांतून शस्त्रक्रियेसाठी माणूस मुंबईला पाठवला जातो, त्यांना तो परत आल्यावर सांभाळता येऊ नये, हे मला न्यायाला धरून वाटत नाही. तसं झालं तर दान मिळालेलं हृदय फक्त रुग्णालयाजवळ घर असलेल्यालाच परवडेल.

हा लेख डहाणू-तलासरीतले डॉक्टर, केमिस्ट आणि प्रयोगशाळेतली मंडळी वाचत असतील तर त्यांना एक विनंती. कोणाच्या फाइलवर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन लिहिलेलं दिसलं, तर काहीही देण्याआधी दोन वेळा बीपी मोजा आणि फाइलवरच्या केंद्राला फोन करा. पातळी तपासायला रक्त घ्यायचं असेल तर ते जांभळ्या टोपणाच्या बाटलीत घ्या. ती बाटली डहाणूहून मुंबईला पाठवता येते, त्यासाठी माणसाला लोकलमध्ये उभं करायची गरज नाही. आणि रुग्णाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. गोळी आधी घेतली तर आकडा खोटा चढलेला येतो, तो पाहून मात्रा कमी केली जाते, आणि ज्या हृदयासाठी एवढं सगळं केलं तेच उघडं पडतं.